माईकवर घातलेलं गाऱ्हाणं

"कशाने केलं?"

जो येईल तो पहिला हेच विचारायचा. का केलं, कधीपासून, आता कशी आहे, हे सगळं नंतर. आधी कशाने. विचारताना आवाज खाली आणायचे आणि डोळे मोठे करायचे. मी कोणालाच सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. ज्याला तेवढंच हवंय त्याने इथेच थांबावं आणि दुसऱ्याच्या घरात तोंड घालायला जावं.

माझ्या मुलीने स्वतःच्या हाताला इजा करून घेतली. एकदा नव्हे, बऱ्याचदा. ती तेव्हा दहावीत होती. मला कळलं तेव्हा हे सुरू होऊन तीन महिने झाले होते. एका घरात राहून तीन महिने कळलं नाही, असं कसं, हे विचारणारेही खूप भेटले. त्यांना मी म्हटलं, तुमच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहितेय का?

आम्ही स्टेशनच्या ईस्टला, गोडदेवला राहतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने फोडणीत मिरची टाकली की ठसका आम्हाला लागतो, इतकी जवळ घरं. वन रूम किचन, त्यात आम्ही तिघं. नवरा वसईला कारखान्यात मशीनवर असतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो म्हणणार, तेवढं चालवून घ्या. मी इथेच, इंडस्ट्रीतल्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला आहे. डबा हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, चरा दिसला तर बाजूला काढायचा, नसेल तर पुसून स्टिकर लावायचं. दिवसाला शेकडो डबे. अकरा वर्षं हेच करतेय. डब्यावरचा केसाएवढा चरा मला दिसतो आणि पोटच्या पोरीच्या हातावरचं दिसलं नाही. हे मला कोणी बोलून दाखवलं नाही, मीच मला रोज बोलते.

ऑक्टोबरचा उकाडा होता. आमची बया पूर्ण बाह्यांचं टीशर्ट घालून फिरत होती. मी तीन आठवडे तिच्या मागे लागले होते, "अगं उकडत नाही का तुला? काय हे सोंग?" ती म्हणायची, फॅशन आहे. मी म्हणायचे, फॅशन गेली चुलीत, घामोळं आलं तर माझ्याकडे येऊ नकोस. एका रविवारी दुपारी मी तिला वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला सांगितला. तिने हात वर केला आणि बाही कोपरापर्यंत घसरली.

मी तिला थोबाडीत मारली.

हे आधी सांगून टाकते, कारण आता लोक मला "किती सोसलंत हो तुम्ही" म्हणतात. मी काय सोसलं? सोसलं तिने, आणि वर माझा हात खाल्ला. डबा खाली पडला, पोहे घरभर झाले, मी किंचाळत होते, "हे काय केलंस, हे काय केलंस," आणि ती खाली बसून पोहे गोळा करायला लागली. एकेक पोहा उचलत होती. नवरा बाहेरच्या खोलीतून आला, त्याने तिचा हात बघितला, त्याचं तोंड राखेसारखं झालं. मग तो जे बोलला ते असं: "कोणाला कळता कामा नये."

हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही.

आता का, ते सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आमच्या गावची, म्हणजे राजापूरकडच्या आमच्या वाडीतली जी माणसं इकडे पोटासाठी आली, त्यांचं एक मंडळ आहे. विरारपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली सत्तर-ऐंशी घरं. वर्षातून एकदा सगळ्यांनी जमून सत्यनारायण घालायचा, जेवायचं आणि मुलांचा गुणगौरव करायचा. ऐकायला किती छान. त्या गुणगौरवासाठी मोबाईलवर ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर पोरांचे मार्क टाकायचे असतात. चाचणीचे, सहामाहीचे, सगळे. कोणाची पोर कितव्या नंबरावर, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी, वेस्टला मोरव्याला राहतात ते, तिला दहावीला ब्याण्णव टक्के पडले होते. ते ब्याण्णव आमच्या घरात वर्षभर जेवायला बसत होते.

माझ्या मुलीला नववीला अठ्ठ्याऐंशी मिळाले. बाप असा फुगला की विचारू नका. मग दहावीच्या पहिल्या चाचणीत एकसष्ट. तो तिला ओरडला नाही, त्याने मारलं नाही. त्याने शांतपणे फोन घेतला आणि ग्रुपवर पंच्याऐंशी टाकले. खाली पन्नास जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. तिने ते वाचलं. म्हणाली, "पप्पा, हे खोटंय." तो म्हणाला, "बोर्डाला मिळव, म्हणजे खरं होईल."

आणि माझं तोंड. माझं तोंड वाईट आहे, हे मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत आणि मला त्याचा अभिमानच होता. त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "तुझ्यापेक्षा माझे डबे बरे, पुसले की चमकतात तरी." हे मी हसत म्हटलं होतं. जून-जुलैत कधीतरी तिच्या तीन मैत्रिणींनी तिला वगळून वेगळा ग्रुप केला. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना. ते तिने मला येऊन सांगितलं होतं, हे विसरू नका. ती सांगत होती. मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळेल." त्यानंतर तिने काही सांगितलं नाही.

आम्ही नवरा-बायको भांडायला लागलो की ती मोरीत जाऊन नळ सोडायची. आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही तासभर. म्हणून मी भांडण अर्धं टाकून तिच्यावर ओरडायचे, पाणी काय तुझा बाप आणतो का. बाप तिथेच उभा असायचा. ती नळ कशाला सोडते, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जखमा बघितल्या, मलम दिलं आणि सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. मी गाळ्यातून अर्धा दिवस रजा घेतली. बाई म्हणजे कोण तर माझ्या भाचीच्या वयाची एक काडी, केस वर बांधलेले, टेबलावर स्वतःचा डबा उघडा. मराठी समजायचं तिला, बोलता यायचं नाही. मी खुर्चीत बसायच्या आत सांगून टाकलं, "देखो मॅडम, हमारे घर में कोई पागल नहीं है."

ती म्हणाली, "मैंने तो अभी सिर्फ़ बैठिए बोला है."

माझी मुलगी फस्सकन हसली. किती महिन्यांनी हसली देव जाणे. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. घरात तोंड वाकडं आणि इथे परक्या बाईपुढे दात काढते. पण तो राग धरून मी बाहेर बाकावर बसले आणि ती अर्धा तास आत बोलत होती. बंद दारातून तिचा आवाज येत होता, सलग. माझ्याशी ती इतकं कधी बोलली होती ते मला आठवेना.

मग मला आत बोलावलं. बाईंनी काही मोठंमोठं सांगितलं नाही. पोरगी नाटक करत नाहीये, हे आधी डोक्यात घ्या, म्हणाल्या. आत जे साठतं ते तिला पेलत नाही, तेव्हा ती हे करते. ओरडलात तर लपवेल. हात दाखव म्हणून मागे लागू नका. घरात तिला लागेल असं जे काही हाताशी असेल ते उचलून ठेवा. आणि मग मुलीला विचारलं, असं करावंसं वाटलं तर करायच्या आधी घरात कोणाला सांगशील? ती पंख्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता म्हणणार कोणालाच नाही. ती म्हणाली, "आईला."

मला! जिने मारलं, तिला!

तिथे त्या टेबलावर आमचं ठरलं. तिला तसं वाटलं की तिने येऊन दोनच शब्द बोलायचे, आज वाटतंय. मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसायचं. का विचारायचं नाही, ओरडायचं नाही, उपदेश नाही. पप्पांना तेवढं माहीत असू दे, पण बाकी तिला विचारल्याशिवाय कोणालाही सांगायचं नाही. मी म्हटलं, देवाशप्पथ नाही सांगणार. ती म्हणाली, "शपथ नको. नुसतं हो म्हण." मी हो म्हटलं. बाईंनी मला बजावलं की बाकी सगळं चुकलं तरी चालेल, एवढं एक चुकू देऊ नका. ती तुमच्याकडे येतेय, तोवर आपल्या हातात काहीतरी आहे.

डिसेंबरात ती चारदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा मी संध्याकाळचे वाटाणे सोलत होते. दारात उभी राहिली, एका पायावर दुसरा पाय ठेवून. "आज वाटतंय." ओठांवर सतरा प्रश्न आले, ते गिळले. मी नुसती सरकले आणि जागा केली. ती बसली, वाटाणे सोलायला लागली. दोन किलो वाटाणे आम्ही सोलले, एक शब्द न बोलता. माझ्यासारख्या बाईला तासभर गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या गाळ्यातल्या बायकांना विचारा. शेवटचा दाणा सोलून ती म्हणाली, "उतरलं." ताप उतरतो तसं. आणि उठून अभ्यासाला गेली. मी टोपल्यात तोंड घालून रडले.

नवरा हे सगळं बाहेरच्या खोलीतून बघायचा. जवळ यायचा नाही. ती समोर आली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी म्हटलं, अहो, बोला तिच्याशी दोन शब्द. तो म्हणायचा, काय बोलू? मला जमत नाही. मी म्हटलं, ग्रुपवर पंच्याऐंशी लिहायला बरं जमलं. त्यावर तो दोन दिवस जेवला नाही.

आणि मग आली सव्वीस जानेवारीची सुट्टी आणि मंडळाची पूजा. या वर्षी हॉल आमच्याच बाजूला, ईस्टला होता, म्हणजे जायलाच हवं. तिला नववीच्या मार्कांचं बक्षीस होतं. ती नको म्हणत होती, मी म्हटलं चल गं, कुडता शिवलाय नवीन, लांब बाह्यांचा, कोणाला काही दिसत नाही.

आमच्याकडे पूजा सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. आमच्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. वाडीतला जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि सगळ्या घरांची दुखणी मोठ्याने देवाला सांगतो. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाचं पोट दुखतं. नाव घेत नाहीत, पण घर असं सांगतात की आंधळ्यालाही कळावं. ज्यांना काही घालायचं असेल त्यांनी ते आधीच त्याच्या कानावर घालायचं. त्याचं एकेक वाक्य झालं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, जे गाऱ्हाण्यात बोललं गेलं त्याच्यावर देवाची राखण बसली. जे लपवलं ते उघड्यावर राहिलं.

आमचे एक चुलत सासरे हे काम करतात. ऐंशीच्या पुढचे. आवाज मात्र असा की माईक लागू नये, तरी दिला होता. तरुण पोरांनी हौसेने दोन स्पीकर लावले होते, एक तर चक्क रस्त्याकडे तोंड करून.

मी मागे बायकांत बसून द्रोण लावत होते. मुलगी पुढे सतरंजीवर, बक्षीसवाल्या पोरांत. म्हाताऱ्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुझी ही लेकरां घरदार सोडून हय पोटासाठी इली, तेंका सांभाळ." व्हय म्हाराजा. कोणाचा तरी मुतखडा सांगितला. व्हय म्हाराजा. कोणाची तरी सून माहेरी जाऊन बसली होती, ती सांगितली. व्हय म्हाराजा. हात द्रोणावर, तोंड सवयीने चालू.

मग तो म्हणाला, "गोडदेवात ऱ्हवणाऱ्या आमच्या धाकल्याची पोर, धावीक असा. तिचोच हात तिका वैरी झालो हा. ता जा काय आसात ता दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर, खणखणीत. तोंडातून शब्द गेला आणि मग कान पोचले. हातातला द्रोण चेपला गेला. रस्त्याकडच्या स्पीकरमधून तो व्हय म्हाराजा भिंतीवर आपटून परत आला आणि त्यात मी होते.

सत्तर डोकी वळली. आधी मला शोधलं, मग तिला. पुढच्या सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरी अशा सरकल्या की मध्ये माणूस बसेल. तिने बाह्या तळहातापर्यंत ओढल्या आणि समोर नारळाकडे बघत राहिली. रडली नाही. बक्षिसाला नाव पुकारलं तेव्हा उठलीही. आणि तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या! ब्याण्णववाल्या पोरीलाही कधी मिळाल्या नसतील इतक्या. माईकवाला म्हणाला, "खचायचं नाही हं बाळा, वाडी तुझ्या पाठीशी आहे." नालायक. पाठीशी कसली, मानगुटीवर.

मग बायका आल्या. नजर लागली असेल. काळा दोरा बांध. मोबाईल काढून घे आधी. पोराबिराचं काही प्रकरण नाही ना गं? एकुलती एक आहे, लाडावली असेल. आणि एकीने माझ्या कानाजवळ तोंड आणून विचारलं, "कशाने केलं?" तिच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता, ती खात होती.

माझ्या डोक्यात एकच नाव होतं, जाऊबाई. दिवाळीत त्या घरी आल्या होत्या आणि मुलीच्या हाताकडे दोनदा बघितलं होतं. मी हॉलच्या जिन्यात, सगळ्यांच्या चपलांच्या ढिगात उभी राहून त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या पोरीचं ब्याण्णव आमच्या छातीवर नाचवलंत ते पुरलं नाही म्हणून माझ्या पोरीची धिंड काढलीत, म्हटलं. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मला आत्ता कळलं गं, आत्ता तुझ्याबरोबर कळलं. मी म्हटलं, खोटारड्या. तेव्हा मागून नवऱ्याचा आवाज आला.

"वहिनींना बोलू नकोस. काकांना मी सांगितलं."

हातात प्रसादाची पिशवी. डोळे लाल.

घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं असतं. कोणाला कळता कामा नये, कोण म्हणालं होतं? मार्क लपवता आणि हे स्पीकरवर लावता? तो खाटेच्या कडेला बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मला तिच्याशी बोलायला येत नाही. मी खूपदा उठलो, दारापर्यंत गेलो, शब्दच सुचला नाही. काकांना सुचतं. वाटलं, ते देवाला नीट सांगतील." एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला. बाप आहे तो, मला कळत होतं. त्याला जे एक दार माहीत होतं ते त्याने ठोठावलं. पण मला त्याची दया आली नाही. आजही पूर्ण आलेली नाही. मुलगी भिंतीच्या पलीकडे होती, शब्द न् शब्द ऐकत.

त्या दिवसापासून ती आली नाही.

जानेवारी संपला, फेब्रुवारी अर्धा गेला. जेवायची, शाळेत जायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. मोरीची कडी आतून लागली की मी बाहेर उभी राहून श्वास मोजायचे. नळाचा आवाज यायचा. मी आता पाण्यावरून ओरडत नव्हते, वाहू दे, टाकी रिकामी होऊ दे. पण दार ठोठावायची हिंमत नव्हती. बाह्या परत तळहातापर्यंत. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाली, "तिकडेपण स्पीकर लावलाय का?" ग्रुपवर वाडीवाले हात जोडलेले दोन पंजे पाठवत होते, रोज. एक दिवस मी नवऱ्याच्या फोनमधून तो ग्रुप काढून टाकला.

शेवटी मी एकटीच गेले डॉक्टरीणबाईंकडे. नवऱ्याने काय घाण करून ठेवली ते साग्रसंगीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "और आपने उस वक़्त क्या किया?"

"मैंने? मैं तो पीछे बैठी थी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी पदर सारखा केला, पिशवी उचलली, पुढची तारीख घेतली. सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला दोष देणं सोपं जात होतं, आणि मला वाटत होतं, सत्तर माणसांच्या आवाजात एका बाईचा आवाज कोणाला कळतोय.

दोन दिवसांनी शनिवारी ती शाळेतून लवकर आली. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. नवरा कामावर. मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. परातीकडे बघतच म्हटलं, "पप्पांचं चुकलं. खूप चुकलं. मी त्यांना सांगितलंय, परत असं..."

"पप्पांचं माहितेय मला," ती म्हणाली. "ते येऊन सॉरी बोलले."

मला ठाऊकच नव्हतं. तो माणूस कधी उठला, कधी बोलला!

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. रडत होते. मी बोलली, ठीक आहे." ती ओट्याला टेकून उभी होती. "पण तूपण बोललीस ना. व्हय म्हाराजा. मला ऐकू आलं. सगळ्यांच्यात तुझा आवाज वेगळा येतो."

माझी भाकरी तव्यावर करपायला लागली. आयुष्यात मला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. सासूला, शेठला, बिल्डिंगच्या सेक्रेटरीला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना मी जागच्या जागी दिलंय. सवयीने बोलले, हे म्हणणार होते. लक्ष नव्हतं, हे म्हणणार होते. खरंच लक्ष नव्हतं, आणि तेच तर ती वर्षभर सांगत होती.

"हो," मी म्हटलं. "बोलले मी. तुझं चुकलं नाही, माझं चुकलं."

आमच्याकडे आई मुलांपुढे असं म्हणत नाही. माझ्या आईने मेली तरी म्हटलं नसतं. म्हणून झाल्यावर मला वाटलं, आता ती रडेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. चिमट्याने तिने करपलेली भाकरी उतरवली, बाजूला ठेवली.

"आता परत वाटलं तर मी कोणाला सांगू?" ती म्हणाली. चिडून नाही. वहीत पत्ता लिहून घ्यायचा असावा, तसं विचारलं. "पप्पांना सांगू की नको, मॅडमना सांगू, कोणाला? तूच सांग."

"मला सांग," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही तर मॅडमना सांग. पण आधी मला सांगून बघ."

ती माझ्याकडे बघत होती, उजेडात डबा फिरवून बघतात तशी. मी पिठाचे हात घेऊन उभी.

"सकाळपासून वाटतंय," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला आणि खाली बसले.